गणपतीला गावी जायचंय, खंड्या आणि बाईसाहेबांचं काय करायचं?

भिजकी_छत्री (१८ जुलै, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय आधी होऊन गेला असेल तर लिंक द्या, मला शोधून मिळाला नाही.

तर झालंय असं की यंदा गौरी-गणपतीची पाळी आमच्या घराकडे आहे, म्हणजे सासरच्या गावी, वैभववाडीच्या पुढे, सात दिवस, आणि पाळी असल्यामुळे दांडी मारायचा प्रश्नच नाही. पुण्याहून गाडीने जाणार, मी, नवरा आणि सातवीतला मुलगा. आजवर आम्ही आलटून पालटून जायचो, एक जण घरी थांबायचा, यंदा तिघंही जाणार म्हणून पहिल्यांदाच हा पेच पडलाय.

खंड्या: साडेतीन वर्षांचा, अस्सल गावठी, सोसायटीच्या पार्किंगमधून उचलून आणलेला, वजन १९ किलो. स्वभावाने गरीब पण गाडीत बसवला की वारज्यापासून लाळ गाळायला लागतो आणि कात्रजचा नवा बोगदा यायच्या आत ओकलेला असतो. फटाक्यांना घाबरतो.

बाईसाहेब: नऊ वर्षांची मांजर, घराची खरी मालकीण. डॉक्टरकडे न्यायची म्हटलं तरी आमच्या हातांवर चार दिवस ओरखडे मिरवतो आम्ही.

नवऱ्याचं म्हणणं दोघांना ठेवू बोर्डिंगला, पैसे जाऊ देत. मुलगा म्हणतो खंड्या येणार नसेल तर मी पण येणार नाही. चुलत सासूबाईंचं सोवळं कडक, त्यांना अजून विचारलेलंच नाही. काय करू? अनुभव सांगा प्लीज.

चहाबाज (१८ जुलै, रात्री ११:४१)

मुलाला आणि खंड्याला बोर्डिंगला ठेवा, बाईसाहेब घर सांभाळतील. दिवे घ्या, गंमत करतोय.

मांजरमावशी (१९ जुलै, सकाळी ७:०५)

छत्री, मांजरीचं उत्तर सोपं आहे म्हणून ते आधी देते. मांजर हलवायची नाही. कुत्र्याला माणूस लागतो, मांजरीला जागा लागते. तिची उशी, तिची खिडकी, तिचा तो एक सोफ्याचा फाडलेला कोपरा हे सगळं जागच्या जागी असेल तर आठ दिवस तुम्ही नसलात तरी ती रागावेल, पण आजारी पडणार नाही. बोर्डिंगमध्ये शेजारच्या पिंजऱ्यात कुत्रा भुंकत असेल तर दोन दिवस अन्नाला तोंड लावणार नाही, आणि मांजर उपाशी राहणं हा खेळ नाही, विशेषतः जाडजूड मांजर दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर लिव्हरवर जातं. 

कोणीतरी घरी येणारं शोधा, रोज दोन वेळा, आणि नुसतं "येऊन खायला टाकून जा" असं नाही, अर्धा तास बसलं पाहिजे, शी-शू बघितली पाहिजे. मी आमच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या मुलीला सांगते, तिला अभ्यासाला शांत जागा मिळते, माझ्या बोक्याला पायाशी लोळायला कोणीतरी मिळतं.

एक मात्र लक्षात ठेवा आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजला चिकटवा: मनाने कुठलीही गोळी द्यायची नाही. आमच्या ओळखीत एकांकडे सांभाळायला आलेल्या बाईंना वाटलं मांजर मलूल आहे, अंग गरम लागतंय, म्हणून त्यांनी माणसाची तापाची पाव गोळी दुधातून दिली. पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे, अगदी थोडंसुद्धा. वाचली नाही ती. त्या बाईंनी प्रेमाने दिली होती हो, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तिखटमीठ (१९ जुलै, सकाळी ९:३०)

मांजरमावशींना +१.

कुत्र्याबद्दल माझा अनुभव लिहिते, जरा लांब होईल. तीन वर्षांपूर्वी लग्नाला म्हणून बाहेरगावी गेलो आणि आमच्या लॅबला शहराबाहेरच्या एका बोर्डिंगला ठेवला, नाव लिहीत नाही. फोटो एकदम झकास, हिरवळ, पोहायचा टँक, दिवसाला ८०० रुपये. आम्ही सोडायला गेलो तर गेटवरच दोरी हातात घेतली, म्हणाले आत आलात की बाकीची कुत्री बिथरतात. आम्ही पण घाईत, म्हटलं ठीक. रोज एक फोटो यायचा व्हॉट्सॅपवर. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की फोटोत ऊन कायम एकाच बाजूने आहे, म्हणजे सगळे फोटो एकाच दिवशी काढून ठेवलेले!! सहाव्या दिवशी आणायला गेलो तर आवाज बसलेला, भुंकला की नुसती हवा, तीन किलोने उतरलेला, आणि कानाच्या आत गोचीड अशी लागलेली, द्राक्षाच्या घडासारखी. घरी आल्यावर दोन दिवसांनी तो ठसका सुरू झाला, घशात हाड अडकल्यासारखा. केनल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गाने पसरणारा खोकला. मग तीन आठवडे औषधं.

तेव्हापासून माझा नियम: जिथे मला कुत्र्याची झोपायची जागा दाखवत नाहीत तिथे ठेवायचं नाही. आता जिथे ठेवतो तिथे पहिल्यांदा न सांगता गेले होते, दुपारी तीनला, म्हणजे कोणी आवराआवर केलेली नसते. वास घेतला आधी. फिनेलचा भपकारा असेल तरी वाईट आणि मुताचा असेल तरी वाईट. मग पाण्याच्या भांड्यात बोट फिरवून बघितलं, कडेला बुळबुळीत लागलं तर समजायचं रोज घासत नाहीत. दाराला दोन फाटकं हवीत, एक बंद झाल्यावरच दुसरं उघडायचं, नाहीतर एखादा बिथरलेला कुत्रा पायांतून सटकतो. आणि विचारलं की रात्री इथे कोण झोपतं? त्या काकूंनी कोपऱ्यातली स्वतःची कॉट दाखवली आणि कॉटवर एक आंधळा पॉमेरेनियन झोपलेला होता. मी त्याच दिवशी ॲडव्हान्स दिला.

कोथरूडचा_कट्टा (१९ जुलै, सकाळी १०:१२)

तिखटमीठ, त्या काकूंचा नंबर विपु (निरोप) करा ना प्लीज.

डॉ_शेपूट (१९ जुलै, दुपारी २:४८)

मी प्राण्यांचा डॉक्टर, दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत टाइपतोय, चुकभूल द्यावीघ्यावी.

धागाकर्तींकडे पाच-सहा आठवडे आहेत ही सगळ्यात चांगली गोष्ट. माझ्याकडे लोक येतात आदल्या संध्याकाळी, "डॉक्टर उद्या पहाटे निघतोय, सगळ्या लसी एकदम ठोकून टाका". लस टोचली की तिथल्या तिथे चिलखत चढत नाही. रेबीजची आणि ती दुसरी एकत्रित, ज्यात डिस्टेंपर, पार्वो वगैरे असतं, या दोन्ही वर्षाच्या आत झालेल्या आहेत का कार्ड बघा. लेप्टोची आहे का तेही बघा, पावसात कोकणात जाताय, उंदराच्या मुतातून पसरतो तो आजार आणि तुंबलेलं पाणी दिसलं की कुत्रा तोंड लावणारच. बोर्डिंगला ठेवणार असाल तर केनल कफची लस वेगळी असते, बहुतेक जण नाकात थेंब टाकून देतात, ती किमान दोन आठवडे आधी. चांगली बोर्डिंगवाली मंडळी ही मागतात. मागत नसतील तर तिथूनच परत फिरा, कारण तुमच्या कुत्र्याकडे कार्ड मागितलं नाही म्हणजे शेजारच्याकडेही मागितलेलं नाही.

गोचिडांचं औषध निघायच्या आधी, पोहोचल्यावर नव्हे. मानेवर टाकायचं असेल तर आदल्या-नंतरच्या दोन दिवसांत आंघोळ नको. खायची गोळीही मिळते. कोकणातून परत आलेले कुत्रे सप्टेंबरात माझ्याकडे रांगेने येतात, खात नाही, ताप, हिरड्या पांढऱ्या, रक्त तपासलं की टिक फीव्हर.

आता ओकण्याबद्दल. निघायच्या आधी पाच-सहा तास पोट रिकामं, पाणी थोडं चालेल. यावर चांगली गोळी आहे, मॅरोपिटंट नावाची, प्रवासाच्या दोनेक तास आधी द्यायची, पण डोस वजनावर असतो त्यामुळे तुमच्या डॉक्टरकडूनच घ्या. माणसाची उलटीची गोळी अर्धी करून देऊ नका. गुंगीचं औषधही मागू नका, नुसता हातपाय गळून पडतो, आतली भीती तशीच राहते.

निवृत्त_नाना (१९ जुलै, सायंकाळी ६:२२)

रेल्वेत पार्सल ऑफिसात माझी ३१ वर्षं गेली, म्हणून रेल्वेचं सांगतो. धागाकर्तींना यंदा उपयोग नाही, पण कोणालातरी होईल.

कुत्रा प्रवाशाबरोबर डब्यात नेता येतो तो फक्त फर्स्ट एसी किंवा फर्स्ट क्लासात, आणि तेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन अख्खी तुमच्या नावावर असेल तरच. टू टायर, थ्री टायर, स्लीपर, चेअर कार, कुठेच नाही. म्हणजे चेअर कारवाली वंदे भारत, शताब्दी, आपली डेक्कन क्वीन या गाड्यांचा विचारच सोडा. कोकणकन्येला फर्स्ट एसी आहे पण कूपे मोजूनमापून. दोन तिकिटं एकाच पीएनआरवर काढायची, मग रेल्वेच्या कमर्शियल विभागाला अर्ज द्यायचा की बरोबर कुत्रा आहे, कूपे द्यावा. तो मिळाला की नाही हे चार्ट लागल्यावरच कळतं. लोक इथेच गडबडतात, त्यांना वाटतं तिकीट कन्फर्म म्हणजे कूपे कन्फर्म. 

प्रवासाच्या दिवशी दोन-तीन तास आधी पार्सल ऑफिसला कुत्रा, तिकीट, लसीचं कार्ड आणि डॉक्टरचं ताजं फिटनेस सर्टिफिकेट घेऊन यायचं, वजन होतं, पावती फाडली जाते. कुत्र्याचं बुकिंग असं काउंटरवरच होतं. पावतीशिवाय सापडलात तर लगेज दराच्या सहापट वसुली.

कूपे नाही मिळाला तर गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स. कायदेशीर आहे, स्वस्त आहे, पण मी स्वतः माझा कुत्रा त्यात कधी घातला नाही. लोखंडी कप्पा, खालून चाकांचा धडधडाट, अंधार, आणि मधल्या स्टेशनावर तुम्ही धावत जाऊन पाणी पाजायचं. एकदा एक आजोबा दर स्टेशनला उतरून पळत यायचे, शेवटी गार्डने त्यांना स्वतःचं स्टूल दिलं.

गणपतीला तर ६० दिवस आधी आरक्षण उघडलं की काही मिनिटांत खल्लास, त्यामुळे गाडी हाच मार्ग.

सुटसुटीत (१९ जुलै, रात्री ८:५०)

हे सगळं वाचून दम लागला. राग मानू नका पण आमच्या लहानपणी कुत्रा अंगणात असायचा, आम्ही मामाकडे महिनाभर जायचो, शेजारचे भाकरी टाकायचे. कुठली लस न कुठला कूपे. आता कुत्र्याला फिटनेस सर्टिफिकेट! माणसांना नाही हो मिळत. आणि गणपतीच्या घरात कुत्रा, वयस्कर माणसांना काय वाटेल याचा पण विचार करा.

मांजरमावशी (१९ जुलै, रात्री ९:१५)

सुटसुटीत, तुमच्या लहानपणीचा तो अंगणातला कुत्रा किती वर्षं जगला हो?

सुटसुटीत (१९ जुलै, रात्री ९:४०)

खरं सांगू? आठवत नाही. दर दोन-तीन वर्षांनी नवीन असायचा, नाव मात्र प्रत्येकाचं मोत्याच. बरं, कळला मुद्दा. पण सासूबाईंना आधी विचारा हे माझं म्हणणं कायम.

फोंडाघाटी (२० जुलै, सकाळी ६:३०)

मी थयसरलोच. कुत्र्याक खुशाल घेवन येवा, पण रातीचो भायर बांधू नकात. आमच्याकडे वाघ येता.

बाकीच्यांसाठी साध्या मराठीत लिहितो. वाघ म्हणजे बिबट्या, आम्ही त्याला वाघच म्हणतो. आमच्या वाडीत तो खळ्यातून कुत्रे उचलून नेतो, साखळीने बांधलेला असेल तर त्याचं काम आणखी सोपं. पडवीत पण नको, अर्ध्या भिंतीची पडवी असते, दार ओढून घेता येईल अशा माजघरात किंवा खोलीत झोपवा. रात्री शू करायला न्यायचं तर बॅटरी घेऊन, दोरी हातात, आणि पाच मिनिटांत आत.

दुसरं, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) चिऱ्यांत नाक खुपसू देऊ नका. फुरसं असतं तिथे, साप लहानसा दिसतो पण विषारी. चावलं तर पाय बांधत बसू नका, चिरा मारू नका, हलू न देता उचलून थेट गाडीत. येण्याआधीच जवळचा जनावरांचा दवाखाना कुठे आणि सणाच्या दिवशी डॉक्टर कोण ते घरच्यांना विचारून नंबर घेऊन ठेवा. आमच्याकडचे डॉक्टर गुरांचे असतात पण त्यांना सापाची सवय पुण्यातल्यांपेक्षा जास्त, हलके घ्या.

आणि करूळ घाटाचं आदल्या दिवशी विचारून निघा. दरड आली तर गगनबावड्याहून भुईबावड्याने उतरावं लागतं, नाहीतर फोंडाघाट. वळणं तीच, ओकारी तीच.

भिजकी_छत्री (२० जुलै, दुपारी १:१०)

बापरे, वाघ! हे मुलाला वाचून दाखवलं तर तो डबल उत्साहात.

सगळ्यांचे आभार. बाईसाहेब घरी हे पक्कं, खालच्या मजल्यावर एक मुलगी सीए करतेय तिला विचारलंय, तयार आहे. खंड्याचं अजून ठरत नाहीये. आमच्या डॉक्टरनी ओकारीची गोळी दिली तरी सात-आठ तास गाडीत... कोणी अशा कुत्र्याला सवय लावलीय का?

डोंगरवाट (२० जुलै, रात्री १०:०२)

लावलीय. आमची ब्राउनी गाडीचं दार उघडलं की बाकाखाली जायची, मागच्या वर्षी हंपीपर्यंत आली. 

आधी गाडी बंद, पार्किंगमध्ये. मागचं दार उघडं, सीटवर तिची गोधडी, तिथे रोजचं जेवण. बस्स. चार दिवस एवढंच, शेजारी म्हणायचे यांनी कुत्र्याला हॉटेल काढून दिलंय. मग दार लावून पाच मिनिटं, मग इंजिन चालू पण जागेवरच, मग सोसायटीला एक चक्कर, आणि प्रत्येक वेळी उतरल्यावर तिला आवडणारं काहीतरी, आमच्याकडे बागेत मोकळं सोडणं. हे महत्त्वाचं, कारण बहुतेक कुत्री गाडीत बसतात ती फक्त डॉक्टरकडे जायला, तुम्हाला कोणी दर वेळी गाडीत घालून इंजेक्शनला नेलं तर तुम्ही पण ओकाल.

ओकायच्या आधी कुत्रा सांगतो, फक्त बघावं लागतं. आधी जांभया येतात, एकामागून एक, झोप आलेली नसते. मग ओठ चाटतो. मग लाळेची तार, काचेवर लागते ती. मग मान खाली घालून पोट आत ओढायला लागला की तुमच्याकडे अर्धा मिनिट आहे. आम्ही जांभयांवर थांबायला शिकलो. गाडी कडेला, दार उघडून दहा मिनिटं जमिनीवर पाय, की पुढचे पन्नास किलोमीटर गुमान. 

छातीचा पट्टा घालून तो सीटबेल्टला अडकवा, गळ्याचा पट्टा नको, करकचून ब्रेक लागला तर मान. खिडकीतून डोकं बाहेर नको कितीही गोड दिसत असलं तरी. आणि ढाब्यावर "दोनच मिनिटांत येतो" म्हणून गाडीत ठेवून जाऊ नका, पावसाळ्यात ऊन पडलं की बंद गाडीची भट्टी होते, काच दोन बोटं खाली ठेवून काही फरक पडत नाही. आम्ही पाळीपाळीने जेवतो.

रंगीत तालीम म्हणून खंबाटकी घाट करून या. मधे सुरूरला चहा. ओकला नाही तर नेऊन टाका.

राईनकाठी (२१ जुलै, पहाटे २:१५)

जरा अवांतर पण इथे वाचणाऱ्या कोणाचीतरी मुलं परदेशी जाणार असतीलच म्हणून. मी जर्मनीत असते, आमची गावठी कुत्री नाशिकहून आणली, लोक हसले होते, इथे काय कुत्री मिळत नाहीत का म्हणून. क्रम चुकला तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं म्हणून नीट वाचा: आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, चिपच्या आधी टोचलेली लस ते धरतच नाहीत. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, ते युरोपियन युनियनने मान्य केलेल्या लॅबमध्ये जातं, रेबीजविरुद्धच्या अँटीबॉडीजचा आकडा ०.५ किंवा वर यायला हवा. आणि रक्त काढल्या दिवसापासून आणखी तीन महिने थांबायचं, तोवर प्रवेश नाही. म्हणजे सगळं सरळ झालं तरी चार महिने. शेवटी मुंबईच्या सरकारी क्वारंटाइन ऑफिसचं आरोग्य प्रमाणपत्र. अमेरिकेचे नियम वेगळे, १ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांखालचा कुत्रा नेताच येत नाही.

आमची वेळ रक्ताच्या रिपोर्टने खाल्ली. नवरा पुढे आला, मी चार महिने नाशिकला कुत्रीसोबत. सासरच्यांना आजही वाटतं मी भांडून माहेरी गेले होते.

पगवाली (२१ जुलै, सकाळी ११:००)

नागपूर ते गोवा विमानाने न्यायचा आहे माझा पग, कोणाला माहिती आहे का?

डॉ_शेपूट (२१ जुलै, दुपारी २:३०)

पगवाली, चपट्या नाकाची जात आहे, विमानाच्या पोटात सामानाबरोबर घालायचा विचारही नको, श्वास कोंडतो, आणि बहुतेक कंपन्या घेतही नाहीत. केबिनमध्ये एअर इंडिया आणि अकासा घेतात, पिशवीसकट वजनाची मर्यादा असते आणि ती बदलत असते, तिकीट काढायच्या आधी फोन करून विचारा. इंडिगो पाळीव प्राणी नेत नाही. वजनात बसला नाही तर घरी ठेवा, गोव्याच्या उकाड्यात पगला तसंही काही मजा येत नाही.

शांत_संध्याकाळ (२३ जुलै, रात्री ९:१८)

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. आमचा टिप्या तेरा वर्षांचा होता, किडनीचा त्रास होता पण गोळ्यांवर छान चाललं होतं. भावाच्या मुलीच्या लग्नाला बेळगावला गेलो, त्याला ओळखीच्या बोर्डिंगला ठेवला, चांगली माणसं होती, त्यांची काही चूक नाही. दुसऱ्या रात्री त्याचं बिघडलं. त्यांनी दवाखान्यात नेलं, तिथे विचारलं मालक कोण, सलाईन लावायचं का, ॲडमिट करायचं का, पैसे कोण भरणार. आणि आमचे दोघांचे फोन हॉलमध्ये पर्समध्ये, बँड चालू. अडीच तासांनी मिस्ड कॉल बघितले.

वय झालं होतं, कदाचित गेलाच असता. पण आता नवीन कुत्री आहे तिच्यासाठी मी एक कागद करून ठेवलाय, सही करून, की मी फोनवर सापडले नाही तर डॉक्टरांनी योग्य वाटेल ते उपचार सुरू करावेत, अमुक रकमेपर्यंत मी देणं लागते, आणि शहरातच असलेल्या मैत्रिणीचं नाव की तिचा शब्द माझा शब्द. एक प्रत बोर्डिंगला, एक आमच्या डॉक्टरकडे. 

मांजरमावशी (२३ जुलै, रात्री ९:४४)

संध्याकाळ, बरं केलंत लिहिलंत. मी पण करते असा कागद उद्याच.

भिजकी_छत्री (१० ऑगस्ट, रात्री १०:५५)

धागा वर काढतेय. अपडेट: पार्किंगमधलं हॉटेल सुरू करून सतरा दिवस झाले. आज खंबाटकी. जाताना घाटात दोनदा जांभयांवर थांबलो, ओकला नाही!!! सुरूरला उतरून त्याने सगळ्या जगाकडे असं बघितलं की जसं काही चंद्रावर पाऊल ठेवलंय.

सासूबाईंना (चुलत) मी स्वतः फोन केला. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, देवाच्या खोलीत नको, सोवळ्याच्या स्वयंपाकाच्या वेळी मागीलदारी नको, बाकी आणा, मला पाय पोळवून घ्यायची हौस नाही त्या पोराच्या रुसव्यापायी.

तरी एक प्रश्न, विसर्जनाच्या दिवशी फटाके वाजले तर?

डॉ_शेपूट (११ ऑगस्ट, दुपारी २:२०)

त्या दिवशी त्याला मिरवणुकीत नेऊ नका एवढंच. आतली खोली, दार-खिडकी लावून, पंखा मोठ्यावर, तुमच्या अंगावरची जुनी साडी खाली, एक माणूस सोबत. आणि गळ्यात तुमचा मोबाईल नंबर असलेला बिल्ला, आजपासूनच घालून ठेवा, फटाक्याने पळालेला कुत्रा अनोळखी गावात परत येत नाही, त्याला घर कुठे ते माहीतच नसतं.

आणि प्रसाद. मनुका-बेदाणे कुत्र्याच्या किडनीला घातक, काहींना मूठभरानेही किडनी बंद पडते. चॉकलेटचे मोदक नको, कांदा-लसणाचं काही नको. नुसता उकडीचा मोदक एखादा खाल्ला तर मी रागावणार नाही.

भिजकी_छत्री (५ सप्टेंबर, रात्री ११:४८)

आलो परत. तीन तारखेला आलो पण गाडी रिकामी करण्यात आणि धुणं काढण्यात दोन दिवस गेले.

जाताना साडेनऊ तास, एरवीपेक्षा दीड जास्त, कारण आमचे थांबे. एकदाच ओकला, गगनबावड्याच्या पुढे, आणि तेही माझ्या चुकीने, कोल्हापूरला मिसळ खाताना दया येऊन पावाचा तुकडा दिला. डोंगरवाट, तुमच्या जांभयांच्या थिअरीला मुलाने वही केली होती, किती वाजता किती जांभया.

माजघरात झोपायचा. तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला वाडीतली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली आणि मग एकदम गप्प झाली. ते गप्प होणं फार वाईट होतं. खंड्या उठून दाराशी गेला नाही, उलट माझ्या पांघरुणात डोकं घातलं. सकाळी कोणी काही बोललं नाही, फक्त काकांनी कोंबड्यांचं खुराडं उघडून मोजल्या. फोंडाघाटी, थॅंक यू.

एक मात्र थोडक्यात वाचलं. खिरापतीचं ताट, खोबरं, खारीक, बेदाणे सगळं कुटून, पोरांनी ओटीवर खाली ठेवलेलं आणि हा तोंड घालणार तेवढ्यात काकूच (चुलत सासूबाई) ओरडल्या, "अगो, त्याका बेदाणे चालनत नाय ना!" मी त्यांना हे फोनवर एकदाच सांगितलं होतं. सोवळ्यातल्या काकू, ताट उचलायला त्याच्या अंगावरून हात नेला आणि मग परत आंघोळीला गेल्या, कटकट न करता. म्हणजे थोडी केली.

विसर्जनाला मी मागे थांबले खंड्यासोबत. आरती लांबून ऐकली. थोडं वाईट वाटलं, पाळी आमची आणि मी खोलीत पंखा लावून कुत्र्याचे कान झाकून. काकू परत आल्या त्या ओल्या पदरात खोबरं घेऊन आल्या, आधी मला दिलं, मग त्याला.

घरी आल्यावर गोचीड तपासल्या, दोन निघाल्या, पायाच्या बोटांच्या बेचक्यात, तिथे नक्की बघा.

बाईसाहेब ठणठणीत. सीएवाल्या मुलीच्या पुस्तकावर झोपायच्या म्हणे. आमच्याकडे पाठ करून बसल्यात, आज तिसरा दिवस.

मांजरमावशी (६ सप्टेंबर, सकाळी ७:१०)

पाचव्या दिवशी येईल मांडीवर. तू बोलावू नकोस.

कोथरूडचा_कट्टा (६ सप्टेंबर, सकाळी ९:०२)

तिखटमीठ, त्या बोर्डिंगवाल्या काकूंचा नंबर अजून आला नाहीये हो, दिवाळी आली तोंडावर.